हिंदुरावच्या फेशलआधी कळवायचं ते

पिंपरी, कारखान्याची चाळ
चैत्रातला दुसरा रविवार, १९५८

तीर्थरूप तात्यांच्या पायांवर सयाजीचं डोकं. (डावा गुडघा अजून धरत असेल तर डोकं उजव्या पायावर आहे असं समजावं.) मी आणि यशोदा इकडे खुशाल आहोत. तिकडे काकू, आई, हिंदुराव, व्यालेली म्हैस आणि विहिरीवरचं इंजिन ही सगळी मंडळी बरी असतील अशी आशा करतो. इंजिन पुन्हा धूर टाकत असेल तर त्याला हात लावू नका, मी आलो की बघतो. आईला सांगा की मी वेळेवर जेवतो आणि यशोदा भाकरी चांगली करते. (हे खरं आहे. या पत्रात कुठे खरं आणि कुठे खोटं आहे ते मी पुढे सांगणारच आहे, म्हणून आधीच खुलासा केला.)

एक विनंती सुरुवातीलाच करतो. तुमची पत्र वाचायची पद्धत साऱ्या चिखलीला माहीत आहे. तुम्ही ओट्यावर बसता, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसता, आणि पाण्याला निघालेल्या बायका वाटेत थांबतील एवढ्या आवाजात पहिल्या ओळीपासून वाचायला लागता. मागं माझ्या पोटाच्या तक्रारीचं पत्र आलं होतं, त्यानंतर महिनाभर मी गावात पाऊल टाकलं की पारावरचे म्हातारे मला ताक पितोस का म्हणून विचारत होते. तेव्हा हे पत्र कृपा करून मनातल्या मनात वाचावं. आतल्या खोलीत, दार लोटून वाचलंत तर फार उपकार होतील.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. हिंदुरावचं लग्न वैशाखात धरलंत हे वाचून आनंद झाला. त्यात तुम्ही मला दोन कामं सांगितली आहेत. पहिलं असं की पिंपरी स्टेशनाजवळ रंगरावचं आरशांचं सलून आहे, तिथं जाऊन त्याला हिंदुरावच्या हळदीला चिखलीला यायचं ठरवून टाकावं, आणि तो तोंडाला ते फेशल का काय करतो त्याच्या आधी मुलानं कोणतं पथ्य पाळायचं ते नीट विचारून कळवावं. दुसरं असं की ज्योतीराम न्हाव्याला तुम्ही ओटा चढायची बंदी केली आहे, तर तो माझ्याकडे येऊन रडगाणं गाऊ लागला तर मी ऐकून घेऊ नये. तात्या, पहिल्या कामाचं उत्तर मला रंगरावला विचारायची गरज नाही. ते पथ्य मला तोंडपाठ आहे, कारण मी त्यातलं एकही पाळलं नव्हतं.

ही गोष्ट फोटोपासून सुरू झाली, आणि फोटो तुमच्यापासून. (रागवू नका. मनातच वाचताय ना?) रहाटणीच्या मुलीकडच्या मंडळींना पाठवायला पुण्यात माझा फोटो काढला, तेव्हा तुम्ही फोटोवाल्याला म्हणालात की पोरगा बॉयलरवर असतो, जरा उजळ मारा. त्या कलावंतानं पेन्सिल घेऊन असा उजळ मारला की कपाळावरचा देवीचा व्रण गेला, गालाची हाडं गेली, आणि माझ्या कोटाच्या वर कोण्या सावकाराच्या लाडक्या मुलाचं तोंड येऊन बसलं. तुम्ही तो फोटो बघून खूश झालात. मीही झालो, खोटं कशाला सांगू. सासरेबुवा मला बघायला आले ते दिवेलागणीला, तेव्हा त्यांना माझा आवाज जास्त आणि तोंड कमी दिसलं. यशोदेकडे तर नुसता फोटोच होता. लग्नाला पंधरा दिवस राहिले. अंतरपाट खाली आल्यावर ती समोर त्या सावकाराच्या मुलाला शोधणार आणि तिथं मी उभा असणार, हे मला कामावर वाफेच्या काट्याकडे बघतानासुद्धा दिसायचं.

मग मी आठ दिवस रोज पाळी सुटली की तोंडाला लिंबू आणि मीठ चोळलं. माझ्या शेजारच्या खोलीत शौकत राहतो, जालन्याकडचा आहे, बॉयलरवर माझ्याच पाळीला असतो. त्यानं एकदा दारातून बघितलं आणि लोणचं घालतोस का म्हणून विचारलं. त्यालाच मी नवव्या दिवशी दाढीचं ब्लेड मागितलं, कारण रंगरावच्या सलूनमध्ये खेडवळासारखं खुंट वाढवून जायची मला लाज वाटत होती. आता हे तुम्हाला सांगायलाच नको की लग्न ठरल्यापासून हळदीपर्यंत नवऱ्यामुलाच्या तोंडाला घरच्या न्हाव्याशिवाय कोणाचं पातं लागायचं नाही, ही आपली रीत. ज्योतीरामकाका त्यासाठी दर रविवारी चिखलीहून पायी इथपर्यंत यायचे. मी मात्र गुरुवारी सकाळी आरसा खिडकीला टेकवून माझी मीच दाढी केली. उलटसुलट दोन हात मारले आणि चार ठिकाणी कापून घेतलं. शौकत एवढंच म्हणाला, "तोंडाला स्पेअर पार्ट मिळत नसतो, भावा." मी हसलो आणि सायकलवर टांग टाकली. हळद आणि लग्न दोन्ही रविवारी होतं.

रंगराव सरळ माणूस आहे, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर तुम्ही काठी घेऊन स्टेशनकडे निघाल. पंधरा वर्षं मुंबईला काढून तो इथं आला आहे. त्याची खुर्ची मागं कलते, गळ्याभोवती तो पांढरा कपडा असा बांधतो की माणसाला आपण कोणीतरी असल्यासारखं वाटतं. त्यानं हात धुतले आणि मला विचारायला सुरुवात केली. आज दाढी केलीत का? मी नाही म्हणालो. (सकाळीच केलेली. ताजी दाढी असली तर दोन दिवस थांबावं लागतं, कातडी उघडी असते, हे तो सांगत होता तेव्हा मी आरशात माझा भांग बघत होतो.) तोंडाला आधी काही चोळत होतात का? मी म्हणालो, छे. (आठ दिवसांचं लिंबू-मीठ. घरी अजून दोन फोडी उरल्या होत्या.) पूर्वी कधी हे केलं आहे का, नसेल तर आज कोपराच्या आत थोडंसं लावतो, उद्या काही झालं नाही तर पुढचं बघू. मी म्हणालो, पुण्यात नेहमी करतो. (पुण्यात मी फोटो काढला आणि मिसळ खाल्ली, एवढाच माझा पुण्याशी संबंध.) घरात काही कार्य वगैरे? असलं तर महिनाभर आधी करावं, तोंडाला सावरायला वेळ पाहिजे. मी म्हणालो, कार्य कसलं, सहज आलो. तात्या, तीन दिवसांवर बोहलं होतं. पण आपण नवरदेव आहोत आणि त्यासाठी तोंड घासून घ्यायला आलो आहोत हे मला सांगवेना, कारण शेजारच्या खुर्चीत आमचे फोरमन साहेब केस कापून घेत होते.

म्हणजे चार प्रश्नांना चार खोटी उत्तरं. हिंदुरावला पहिलं पथ्य हे सांगा की न्हावी विचारील त्याचं खरं उत्तर द्यावं, बाकीची सगळी पथ्यं त्यात येतात.

पुढे गरम पाण्यात पिळलेला टॉवेल झाला, क्रीमनं मालिश झालं. तोपर्यंत मला स्वर्ग असाच असेल असं वाटत होतं. मग त्यानं वाटीत एक पांढरी पावडर कालवली, तिला तो ब्लीच म्हणतो, वास गोठ्यातल्यासारखा येतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. ती तोंडभर लावली आणि सांगितलं की जरा चुणचुणलं तर चालेल, पण जळजळलं तर लगेच बोला. दुसऱ्याच मिनिटाला माझ्या चारही कापांतून इंगळ्या फिरायला लागल्या. रंगरावनं विचारलं, जळजळतंय का? फोरमन साहेब आरशातून बघत होते. मी म्हणालो, छान गार वाटतंय. (पाचवं.) एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण वर मी म्हणालो की दहा मिनिटं जास्त राहू द्या, रंग बसला पाहिजे. त्यानं नको म्हणून सांगितलं, मी नेहमीच्या माणसासारखं हात हलवून राहू द्या म्हणालो. वाटीतलं थोडं मिशीवर आलेलं दोघांच्याही लक्षात आलं नाही. निघताना त्यानं शेवटचं बजावलं की आज उन्हात जाऊ नका. मी फाल्गुनातल्या भर दुपारी लग्नाच्या कपड्यांचं गाठोडं कॅरिअरला बांधून सायकल हाणत चिखलीला आलो, आणि तुम्ही मला बघून म्हणालात की पोराच्या तोंडावर लग्नाचं तेज आलंय.

ते तेज शुक्रवारी सुजलं. शनिवारी त्याच्या पापड्या निघाल्या. मी कांजण्यांची भीती घालून माडीवर अंगावर पांघरूण घेऊन पडून राहिलो, तुम्हाला आठवत असेल. (ते मी खोट्यांत मोजत नाही, कारण त्या वेळी मला स्वतःलाच तसं वाटायला लागलं होतं.) आणि रविवारी सकाळी उजेडात आरसा बघितला तर माझी मिशी मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखी पिवळी झाली होती.

त्याच सकाळी ज्योतीरामकाका धोकटी घेऊन माडीवर आले. पाटासमोर बसले, माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि एकेका कापाजवळून अंगठा फिरवला. मला तान्हेपणी पहिलं जावळ त्यांनीच काढलं, माझ्या बापाची, म्हणजे तुमच्या भावाची, शेवटची दाढीही त्यांनीच केली. त्यांना दुसऱ्याचा हात कळणार नाही असं मला कसं वाटलं कोण जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, "कवा लावलं ह्ये?" मी म्हणालो, काय? हे सहावं. ते उठले. दार लोटून घेतलं. धोकटीतून वस्तरा काढला, चामड्यावर घासला, बाहेर बायकांना आवाज जाईल असा घासला, आणि मग साबणाच्या फेसावरून वस्तऱ्याची नुसती पाठ फिरवली. तात्या, हे नीट वाचा. त्या दिवशी त्यांच्या वस्तऱ्याची धार माझ्या तोंडाला लागलीच नाही. गार दुधात भिजवलेली घडी त्यांनी तासभर माझ्या गालांवर बदलली. बायकांना सांगितलं की दाढी ताजी आहे, तोंडाला हळदीचा नुसता टिळा लावा, बाकी हातापायांना काय ती चोळा. मिशीचं काय करायचं यावर आमचा दोघांचा विचार झाला. उतरवावी तर घरात कोणीतरी गेलं असा त्याचा अर्थ, आणि तुम्ही तर खाली मांडवात मोठमोठ्यानं आचाऱ्याशी भांडत होतात. शेवटी त्यांनी समईची काजळी तेलात खलून ती मिशी एक एक केस करत काळी केली.

रहाटणीचा मांडव पत्र्याचा होता हे तुम्हाला माहीत आहे. मंगलाष्टकं तुमच्या आग्रहावरून सात झाली. पाचव्याला घामानं काजळी ओठांवरून हनुवटीपर्यंत आली. अंतरपाट खाली आला, यशोदेनं माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या आत्या आक्काबाई सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलल्या. "आगं बया, नवरदेवाच्या तोंडाला काय झालंय? रोग तर न्हाई ना काय?" पुढचं तुम्हाला आठवत असेल. बायका कुजबुजायला लागल्या. सासरेबुवा उठून उभे राहिले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तुमच्या तोंडावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. लग्न त्या क्षणाला मोडत होतं.

तेव्हा न्हाव्याच्या मानानं माझ्यावर धरलेली छत्री ज्योतीरामकाकांनी मिटली, ती बाजूला ठेवली आणि हात जोडून पुढे आले. "माजा हात चुकला," ते म्हणाले. "वस्तरा लागला, वर तुरटी ज्यादा झाली. काजळ बी मीच लावलं, दृष्ट नको लागाया म्हून. पोरगं निरोगी हाय." सासरेबुवा खाली बसले. आक्काबाईंनी पदर सावरला. लग्न लागलं. आणि तुम्ही सगळ्यांच्या देखत त्यांना म्हणालात, "म्हातारा झालास, आता वस्तरा खाली ठेव." चाळीस वर्षांत ज्या माणसानं आपल्या घरात कोणाच्या कानाची पाळ कापली नाही, तो मान खाली घालून बरं म्हणाला. लग्न लावून झालं की न्हाव्याच्या डोक्याला मानाचं पागोटं बांधायचं, तेही तुम्ही बांधलं नाहीत. उचललंत आणि माझ्या ट्रंकेत फेकलंत. हे सगळं माझ्यापासून दोन हातांवर चाललं होतं. मला तोंड होतं, कसंही असलं तरी होतं. मी ते उघडलं नाही. सहा खोटी सांगताना ते चुरूचुरू चाललं, आणि एक खरं सांगायचं तर त्याला कुलूप लागलं. मला त्याची लाज वाटते, तात्या. गालांची आग चार दिवसांत गेली, ही जात नाही.

यशोदेनं चौथ्या दिवशी ट्रंक उघडली आणि ते पागोटं बघून कोणाचं म्हणून विचारलं. मला सगळं सांगावं लागलं. फोटोच्या भीतीचंही सांगितलं. त्यावर ती एवढी हसली की शौकतची बायको काय झालं म्हणून बघायला आली. तात्या, मी गेलं वर्षभर रात्रपाळी सुटली की नदी ओलांडून रहाटणीला चाळीसाठी दूध आणायला सायकलवर जायचो, तोंडाला बॉयलरची काजळी तशीच असायची. तिनं मला रोज बघितलेलं. स्थळ माझं आहे असं कळल्यावर ती मनातून खूश होती, आणि फोटो आला तेव्हा हा दुसराच कोणी आहे असं वाटून दोन दिवस जेवली नव्हती. म्हणजे लिंबू, मीठ, ब्लेड, ब्लीच, सगळं मी तिला नको असलेल्या माणसासारखं दिसायला केलं. हसणं संपल्यावर तिनं पागोट्याची घडी घातली आणि विचारलं की हे त्यांना कोण देणार. मी ते पुन्हा ट्रंकेत ठेवलं.

ज्योतीरामकाका अजूनही दर रविवारी येतात. आजही आले आहेत, मिशीचा उरलेला पिवळा भाग आज त्यांनी कातरून टाकला. तुम्ही ओटा बंद केल्याचं त्यांनी मला एका शब्दानं सांगितलेलं नाही. ते मला तुमच्या पत्रातून कळलं. मी आडून विचारलं तर म्हणाले, "तात्यांचं बरं चाललंय, हिंदुरावचं लगीन हाय." तेव्हा रडगाणं ऐकून न घेण्याची तुमची आज्ञा पाळायची वेळच आली नाही. हिंदुरावला फेशल करायचं असेल तर जरूर करू द्या, रंगरावच्या हातात दोष नाही. पण ते आता नको, लग्नाला महिना उरलेला नाही. हळदीचा वस्तरा मात्र ज्याचा आहे त्याचाच असावा. मी स्वतः येऊन हे सांगितलं असतं, पण आज पाळी आहे, सुट्टी मिळत नाही, म्हणून ज्योतीरामकाका चिखलीला निघाले आहेत त्यांच्याच हाती पत्र देतो. त्यांना वाचता येत नाही. काय लिहिलंस म्हणून त्यांनी विचारलं, मी खुशाली म्हणालो.

आपला, तोंड लपवून बसलेला,
सयाजी

ता. क. वर पाळी आहे म्हणून लिहिलं ते सातवं. आज रविवार, मला सुट्टी आहे. यशोदेनं पत्र वाचलं आणि माझी चप्पल दारात आणून ठेवली. मी ज्योतीरामकाकांबरोबरच निघालो आहे.

पुन्हा ता. क. पत्राबरोबर एक पुडकं येईल. मी धरतो म्हटलं तर काकांनी दिलं नाही, तात्यांचा माल आहे, मळायला नको, म्हणून धोकटी काखेत घेऊन पुडकं डोक्यावर घेतलं आहे. ते तुमच्यासाठी नाही. त्यात माझ्या ट्रंकेतलं पागोटं आहे.

आणखी एक. हे पत्र मनात वाचा म्हणून मी सुरुवातीला लिहिलं होतं, ते मागं घेतो. तुम्ही इथपर्यंत याल तेव्हा ते ओट्याखाली उभे असतील. आधी त्यांना वर घ्या, मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचा, नेहमीच्या आवाजात. मी खालीच उभा राहतो.